वर्गखोलीची फरशी व तिच्याखालील जमीन

शाळागृहाच्या दुरुस्तीत फरशीचे काम सर्वांत सोपे समजले जाते. छप्पर गळू लागले म्हणजे सगळ्या गावाला कळते. भिंतीला तडा गेला तर वाटसरूही थबकतो. परंतु वर्गाची जमीन उंचसखल झाली तर ती मोठ्या माणसांच्या फारशी ध्यानात येत नाही. कारण तिच्यावर दिवसाचे पाच-सहा तास बसतात ती मुलेच. खळग्यात बसलेले मूल पाठीला पोक काढून लिहिते, उंचवट्यावर बसलेले सारखी बैठक बदलते, आणि पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात ओल चढते तेथील मुले दुसऱ्यांच्या जागेत सरकून दाटी करतात. त्यांच्या चुळबुळीस शिक्षक कधी कधी अवधानाचा अभाव समजतात. वास्तविक तो जमिनीचा दोष असतो.

अशा खोलीत नवी फरशी घालण्यास पैसे मंजूर झाले म्हणजे सर्वांस आनंद होतो. गवंडी येतो, फरशीची गाडी उतरते, आठ दिवसांत खोली चकचकीत दिसू लागते. पुढे दोन पावसाळे गेले की मधल्या फरशा डुगडुगू लागतात, कोपरे फुटतात, सांध्यांतून मुंग्या माती वर काढतात, आणि खोली धुतली की पाणी दाराकडे न जाता मध्यभागी साचते. मग "फरशी हलकी निघाली" असे म्हणून सर्वजण स्वस्थ बसतात. परंतु पैसे एकदा खर्च झालेले असतात, आणि त्याच खोलीस पुन्हा पैसे मिळण्यास बरीच वर्षे लागतात. तोपर्यंत मुलांच्या कित्येक तुकड्या त्या जमिनीवर बसून शिकून जातात. यास्तव फरशी घालण्यापूर्वी तिच्याखालील जमिनीचे काय करावे, हे शाळेत रोज हजर असणाऱ्या शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोष फरशीचा नव्हे

आपल्याकडे शाळांतून बहुधा शहाबादी फरशी वापरली जाते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या शहाबाद गावावरून तिला हे नाव पडले. भीमा नदीच्या खोऱ्यातील तो थराथरांनी बनलेला चुनखडीचा दगड होय. तेलंगणातील तांदूरची फरशीही याच जातीची. हा दगड दाब उत्तम सोसतो. पण वाकणे त्यास मुळीच सोसत नाही. पाटीचा तुकडा सपाट मेजावर ठेवून वर कितीही वजन ठेवले तरी तो फुटत नाही. तोच तुकडा दोन काड्यांवर ठेवून मध्ये अंगठ्याने दाबला तर चटकन मोडतो. फरशीचेही तसेच आहे. तिच्या सर्व अंगाखाली घट्ट व सारखा आधार असला तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. एका कोपऱ्याखाली पोकळी राहिली तर तोच कोपरा पहिल्याने जातो.

वरून फरशी सपाट दिसते म्हणून खालची जमीनही सपाट असेल असे नाही. गवंडी कुशल असला तर उंचसखल जमिनीवरही मसाला कमीजास्त घालून वरचा पृष्ठभाग एकसारखा करून दाखवितो. काम संपते त्या दिवशी त्यात कोणासही खोट दिसत नाही. परंतु एके ठिकाणी मसाल्याचा थर एक सेंटिमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी सात सेंटिमीटर झालेला असतो. जाड थर वाळताना अधिक आकसतो, पातळ थर कमी. शिवाय खळग्याखालची भुसभुशीत माती हळूहळू खचतच राहते. अशा रीतीने झाकलेला दोष कालांतराने वर येतो.

उंचसखलपणाची कारणे

जमीन सपाट करण्यापूर्वी ती उंचसखल का झाली, हे शोधले पाहिजे. कारण कायम ठेवून केवळ खळगा भरला तर तो पुन्हा पडतो. मुख्य कारणे पुढीलप्रमाणे असतात.

पहिले कारण म्हणजे जोत्यातील भराव खचणे. इमारत बांधताना जोत्याच्या आत माती-मुरूम एकदम ओतून वरवर चोपलेला असतो. असा भराव मध्यभागी अधिक खचतो व भिंतीलगत कमी. त्यामुळे खोलीचा आकार उथळ परातीसारखा होतो.

दुसरे कारण पाणी. पन्हाळीचे पाणी जोत्याशीच पडत असेल, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली असेल, किंवा पिण्याच्या पाण्याचा माठ वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात ठेवलेला असेल, तर तेथील भराव भिजून बसतो. कोकणात मुसळधार पावसामुळे जमिनीतील पाणीच वर चढते व जांभ्याच्या भिंतीतून आत झिरपते. तेथे फरशीपूर्वी बाहेरच्या गटाराचा विचार करणे अवश्य होय.

तिसरे कारण काळी माती. मराठवाडा, विदर्भ व देशावरील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ही अडचण नेहमीची आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. जोत्याखाली किंवा भरावात ती असेल तर जमीन ऋतूप्रमाणे वरखाली होते. अशी माती शक्य तेवढ्या खोलीपर्यंत, साधारणतः ४५ ते ६० सेंटिमीटर, काढून तेथे मुरूम भरावा लागतो. भिंतींनाही तिरके तडे गेलेले दिसले तर प्रकरण केवळ जमिनीचे नसून पायाचे आहे असे समजावे, व पंचायत समितीच्या अभियंत्यास दाखविल्यावाचून फरशीचे काम हाती घेऊ नये.

चौथे कारण म्हणजे उंदीर, घुशी व वाळवी. घुशीच्या बिळाने जमीन आतून पोखरली जाते व वर काहीच दिसत नाही. काठीच्या जाड टोकाने जमीन ठोकीत गेल्यास अशा जागी पोकळ आवाज येतो. तेथे बीळ शेवटपर्यंत उकरून दगडाचे तुकडे व काँक्रीट ठासून भरावे. वाळवीची औषधे विषारी असल्यामुळे ती जाणत्या माणसाकडूनच व शाळेस सुटी असताना घालून घ्यावीत.

पाचवे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या मातीच्या जमिनीवर वर्षानुवर्षे शेणाचे सारवण होऊन त्याचे पापुद्रे साचलेले असतात. हा थर कुजणारा आहे. त्यावर फरशी घातली तर खाली तो कुजतो व पोकळी राहते. म्हणून सारवणाचा संपूर्ण थर, कठीण माती लागेपर्यंत, खरवडून काढावा.

ओल खालून येते की केवळ हवेतील आहे, हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: सुमारे एक मीटर लांब-रुंद असा प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने किंवा ओल्या मातीने बंद कराव्यात. एक दिवस-रात्र गेल्यावर कागद उचलून पाहावा. खालच्या बाजूस थेंब जमले असतील तर ओल जमिनीतूनच येत आहे. खचणे थांबले आहे की चालू आहे, हे पाहण्यासाठी भिंतीवरील तड्यावर सिमेंटची लहानशी पट्टी लिंपून तिच्यावर तारीख घालावी. एक पावसाळा जाऊनही ती अभंग राहिली तर हालचाल थांबली असे मानण्यास हरकत नाही.

पातळी कशी पाहावी

डोळ्याने पाहून जमिनीची पातळी कळत नाही. भिंत कललेली असली की सपाट जमीनही उतरती भासते. त्यासाठी दोन साधने पुरेशी आहेत. एक, दोन मीटर लांबीची न वाकलेली लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. आणि दुसरे, दहा-बारा मीटर लांबीची स्वच्छ पारदर्शक नळी.

नळीत पाणी भरून दोन्ही टोके वर धरली असता दोन्हीकडील पाणी एकाच पातळीवर राहते, हा नियम शिक्षक विज्ञानाच्या तासाला शिकवितातच. गवंडी शेकडो वर्षांचा हाच नियम रोज वापरतो. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, व पातळी पाहताना दोन्ही टोकांवरील अंगठे काढलेले असावेत. नाहीतर पातळी खोटी निघते. खोलीच्या एका कोपऱ्यात जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर भिंतीवर खूण करावी व तीच पातळी नळीच्या साहाय्याने इतर कोपऱ्यांत, दारांच्या बाजूंना व भिंतींच्या मध्यावर न्यावी. रंगवलेली दोरी ताणून सोडली म्हणजे भिंतीवर सभोवती एक सरळ रेषा उमटते. काम संपेपर्यंत ही रेषा पुसू देऊ नये. सर्व मापे हिच्यापासूनच घ्यावयाची असतात.

नंतर जमिनीवर एक-एक मीटरचे चौरस आखावेत. समोरासमोरच्या भिंतींवरील रेषांवर दोरी ताणून प्रत्येक चौरसाच्या मध्यावर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे व वहीत कोष्टक करून लिहावे. जेथे आकडा मोठा तेथे खळगा, जेथे लहान तेथे उंचवटा. दोरीस झोळ पडू नये म्हणून ती घट्ट ताणावी.

एक उदाहरण

समजा, खोली ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे आणि दार समोरच्या लांब भिंतीत आहे. सारवण खरवडून झाल्यावर ३० चौरसांची मापे घेतली. मागच्या भिंतीपासून दाराकडे येताना सहा-सहा चौरसांच्या पाच ओळी होतात. प्रत्येक ओळीची सरासरी अनुक्रमे १०४, १०८, ११३, ११२ व १०८ सेंटिमीटर आली. म्हणजे जमीन मध्यभागी बसली आहे हे उघड दिसते.

आता जमीन कोठवर हवी, हे ठरवावयाचे. ही गणना नेहमी वरून खाली करावी. सर्वांत वर फरशीची पाठ. ती उंबऱ्याच्या पातळीशी जुळली पाहिजे. या खोलीत ती मध्यभागी रेषेखाली ९२ सेंटिमीटरवर ठरली. फरशीची जाडी ३, तिच्याखालील मसाला २.५ व काँक्रीटचा थर ७.५ मिळून १३ सेंटिमीटर झाले. म्हणून मुरुमाची तयार जमीन मध्यभागी १०५ सेंटिमीटरवर हवी. खोली धुतल्यावर पाणी दाराकडे वाहावे म्हणून मीटरला ५ मिलिमीटर, म्हणजे पाच मीटर रुंदीत अडीच सेंटिमीटर, ढाळ ठेवावयाचा. हा ढाळ केवळ वरच्या फरशीला न देता खालच्या जमिनीपासूनच द्यावा. म्हणजे मधल्या थरांची जाडी सर्वत्र सारखी राहते. या हिशेबाने पाच ओळींची इष्ट मापे १०४, १०४.५, १०५, १०५.५ व १०६ अशी होतात.

आता प्रत्यक्ष मापातून इष्ट माप वजा केले असता ओळीगणिक भरावयाची जाडी ०, ३.५, ८, ६.५ व २ सेंटिमीटर येते. सरासरी ४ सेंटिमीटर. क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. म्हणून चोपलेला मुरूम १.२ घनमीटर लागेल. सुटा मुरूम चोपल्यावर सुमारे चतुर्थांशाने बसतो असे धरल्यास सुटा मुरूम १.६ घनमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडा अधिक मागवावा लागेल.

हा खर्च वाचवून खळगा मसाल्यानेच भरला तर काय होईल? २.५ सेंटिमीटर जाडीस पाऊण घनमीटर मसाला लागतो. सिमेंट एक भाग व वाळू सहा भाग या प्रमाणाने त्यास सुमारे ४ पोती सिमेंट पुरते. जाडी ६.५ सेंटिमीटर झाली तर मसाला जवळजवळ दोन घनमीटर व सिमेंट सुमारे १० पोती. सहा पोती अधिक खर्ची पडून काम मात्र अधिक वाईट होते. गवंड्याने पोती वाढवू नयेत म्हणून वाळूच अधिक घातली, तर मसाला नावापुरताच राहतो. अर्ध्या ब्रासभर मुरुमाची किंमत व सहा पोत्यांची किंमत शेजारी शेजारी मांडून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवल्यास तळाचे काम आधी करण्याविषयी वाद उरत नाही.

उंचवटे काढणे व खळगे भरणे

प्रथम उंचवटे उतरवावेत, मग खळगे भरावेत. खोदून निघालेला मुरूम चांगला असल्यास खळग्यात वापरता येतो. काळी माती, राख, केरकचरा किंवा झाडाची मुळे मात्र कदापि भरावात जाऊ देऊ नयेत. खळग्याचा पृष्ठभाग टिकावाने खरवडून, पाणी शिंपडून मगच नवा मुरूम घालावा. गुळगुळीत कोरड्या जमिनीवर घातलेला थर तिच्याशी एकजीव होत नाही.

भराव जास्त असल्यास तो एकदम न घालता थराथरांनी घालावा. एक थर १० ते १५ सेंटिमीटरहून जाड नसावा. प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने चोपावा. ओलावा किती असावा, याची परीक्षा हातानेच करता येते. मूठभर मुरूम दाबून गोळा करावा. गोळा धरला गेला, हात फारसा भिजला नाही, आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याचे दोन-चार तुकडे झाले, तर ओलावा बरोबर आहे. गोळा होतच नसेल तर पाणी कमी. पडल्यावर थापटीसारखा पसरला तर पाणी जास्त. जास्त पाण्यात चोपलेला भराव त्या दिवशी घट्ट वाटतो, पण वाळताच बसतो.

भिंतीलगतच्या कडा व कोपरे यांकडे विशेष लक्ष द्यावे. धुम्मस तेथे नीट पोचत नाही, म्हणून मजूर ते तसेच सोडतात. तेथे लहान लाकडी ठोकळ्याने चोपावे. चोपणे पुरे झाले की नाही, हे टाचेने दाबून कळते: टाच रुतता कामा नये, व धुम्मसाचा आवाज थबथब असा न येता ठणठणीत यावा. भराव तयार झाल्यावर त्यावर पाणी शिंपडून काही दिवस तसाच राहू द्यावा व पुन्हा भिंतीवरील रेषेपासून मापे घ्यावीत. कोठे बसला असल्यास आताच भरावे. ही दुसरी मोजणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि पुढील नुकसानाचे मूळ तेथेच असते.

काही गवंडी खळग्यात कोरडी वाळू पसरून तीवर फरशी बसवितात. काम लवकर होते हे खरे. परंतु वाळू मोकळी असते. मुंग्या व उंदीर ती बाहेर काढतात, पाणी तिला वाहून नेते, आणि फरशीखाली पोकळी होते. शाळेच्या खोलीत ही रीत टाळावी.

काँक्रीटचा थर

मुरुमावर खडी, वाळू व सिमेंट यांचा थर घालण्याचा हेतू दुहेरी असतो. वरचे वजन सारखे पसरावे, आणि फरशीस एकसारखी कठीण बैठक मिळावी. ओल चढणारी जागा असल्यास या थराखाली दगडांची हातरचाई करून फटींत बारीक खडी व मुरूम ठासतात.

काँक्रीटचे नेहमीचे प्रमाण सिमेंट १ भाग, वाळू ४ भाग व खडी ८ भाग असे आहे. वरील उदाहरणातील खोलीस ७.५ सेंटिमीटर जाडीने सव्वादोन घनमीटर काँक्रीट, व त्यास सुमारे ८ पोती सिमेंट लागेल. प्रमाण घमेल्यांनी मोजले तर कधी शिगोशीग, कधी अर्धे असे होते. त्यापेक्षा आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल अशी लाकडी पेटी करून घ्यावी. तिच्यात ३५ लिटर माल मावतो, आणि ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याचे आकारमानही सुमारे तेवढेच असते. मग एका पोत्यास वाळूच्या ४ व खडीच्या ८ पेट्या, हा हिशेब कोणासही मोजता येतो.

पाणी बेतानेच घालावे. कालविण्यास सोपे जावे म्हणून मजूर पाणी जास्त घालतात. ते जास्तीचे पाणी उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे राहतात व ते कमजोर होते. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आत माल वापरला जावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये. पसरण्यापूर्वी जमिनीवर ठिकठिकाणी रेषेपासून मोजून खुणेचे उंचवटे करावेत, त्यांच्यावरून सरळ पट्टी ओढावी व थर चोपून घ्यावा.

सिमेंट वाळल्याने कठीण होत नाही. पाण्याशी संयोग होऊन ते कठीण होते. हा संयोग अनेक दिवस चालतो. म्हणून थर निदान सात दिवस ओला राहिला पाहिजे. गोणपाट पसरून ते सकाळ-संध्याकाळ भिजवावे; उन्हाळ्यात दुपारीही भिजवावे. गवंडी या दिवसांत दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि पाणी मारण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. ही जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी सोपवून वहीत नोंदवावी.

जुन्या कठीण जमिनीवर नवी फरशी

काही शाळांत जुना कोबा, सिमेंटची जमीन किंवा जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर नवी फरशी घालण्याचा बेत असतो. हे करता येते. परंतु जुनी जमीन घट्ट असली तरच. सर्व जमीन लहान हातोडीने ठोकून पाहावी. जेथे आवाज पोकळ येतो तेथे खडूने वर्तुळ काढावे. अशी वर्तुळे थोडी असतील तर तेवढा भाग फोडून, खालचा खळगा भरून व चोपून, काँक्रीट घालावे. बहुतेक जमीनच पोकळ वाजत असेल तर ती सर्व काढणेच शहाणपणाचे.

जमीन घट्ट पण उंचसखल असेल तर पट्टी फिरवून उंचवटे छिन्नीने उतरवावेत. गुळगुळीत पृष्ठभागावर छिन्नीने जवळजवळ टोचे मारावेत, तेल-मातीचे डाग धुवावेत, पृष्ठभाग भिजवावा, साचलेले पाणी पुसावे व सिमेंटचे घट्ट पाणी ब्रशने लावून लगेच खळग्यात मसाला भरावा. हे पाणी वाळल्यावर मसाला घातल्यास तो धरत नाही. खोल खळगा एकाच वेळी न भरता दोन वेळा भरावा.

येथे आणखी एक गोष्ट पाहावयाची असते. नव्या थराने जमीन पाच-सहा सेंटिमीटरने वर येते. दाराची फळी घासू लागते, पायरीची उंची बदलते, आणि व्हीलचेअरवर येणाऱ्या किंवा चालण्यास अडचण असणाऱ्या मुलासाठी केलेल्या उतारापुढे नवीन उंबरठा तयार होतो. असा उतार एक मीटर चढास १२ मीटर लांबी या प्रमाणाहून चढा नसावा. म्हणून जमीन ६ सेंटिमीटर वर आली तर उतारही सुमारे ७२ सेंटिमीटरने वाढवावा लागतो. त्याचा खर्च प्रथमच अंदाजपत्रकात धरावा. नाहीतर फरशी सर्वांची होते आणि एका मुलास मात्र दाराबाहेर थांबावे लागते.

फरशी बसविताना

तळ नीट झाल्यावर उरलेले काम सोपे असते. प्रथम चारही कोपऱ्यांत व मध्ये खुणेच्या फरशा रेषेपासून मोजून बसवाव्यात व दोरी ताणून मधल्या ओळी भराव्यात. फरशीची खालची बाजू धुऊन ओली करावी. मसाला सर्व अंगाखाली पसरलेला असावा. चार कोपऱ्यांवर व मध्ये असे पाच गोळे ठेवून फरशी टेकविणे ही फसवी रीत आहे, कारण गोळ्यांमध्ये पोकळीच राहते. लाकडी मोगरीने ठोकून फरशी बसवावी. अधूनमधून एखादी नुकतीच बसविलेली फरशी उचलून पाहावी. मसाला तिच्या सर्व पाठीस लागला असला पाहिजे.

फरशीस घासून किंवा कापून आकार देताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून कापणे उघड्यावर, दगड ओला करून व नाका-तोंडास कापड बांधून व्हावे, आणि मुले त्या बाजूस फिरकू देऊ नयेत. बसविलेल्या फरशीवर निदान एक दिवस कोणी पाऊल ठेवू नये, दरजा भरून झाल्यावर आठवडाभर पाणी मारावे, आणि तोपर्यंत बाके, कपाटे आत आणू नयेत.

शिक्षकाचे काम कोणते

शिक्षक गवंडी नव्हे, व त्याने गवंड्यास धंदा शिकवू नये. गवंड्याचा अनुभव आदरणीय असतो. परंतु काम शाळेचे आहे, आणि झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहणारा मनुष्य गावात बहुधा शिक्षकच असतो. अभियंता एक-दोनदा येतो. त्या दिवशी वरची फरशी दिसते, खालचा तळ दिसत नाही. म्हणून मुख्याध्यापकाने चार वेळा प्रत्यक्ष हजर राहावे: सारवण काढून मापे घेताना, चोपलेल्या मुरुमाची दुसरी मोजणी करताना, काँक्रीटचे प्रमाण पेटीने मोजले जात असताना, आणि पहिल्या दिवशी फरशी बसविताना. प्रत्येक वेळी तारीख, मापे व उपस्थितांची नावे वहीत लिहावीत. शक्य तर छायाचित्रही घ्यावे.

काम संपल्यावर स्वीकारण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. दोन मीटरची पट्टी सर्व दिशांनी फिरवावी. तिच्याखाली तीन मिलिमीटरहून मोठी फट दिसू नये. प्रत्येक फरशी काठीने ठोकावी. पोकळ वाजेल तीवर खूण करून ती बदलून घ्यावी. शेवटी मागच्या भिंतीशी बादलीभर पाणी ओतावे. ते कोठेही न साचता दाराकडे गेले पाहिजे. हे सर्व गवंड्याच्या उपस्थितीत, मजुरी पुरी होण्यापूर्वी व्हावे. नंतरची तक्रार बहुधा कागदावरच राहते.

मुलांकडून या कामात माती वाहविणे, सिमेंट कालविणे अशी मजुरी घेऊ नये. सिमेंटने त्वचा भाजते, आणि मुले शाळेत शिकण्यासाठी येतात. परंतु मोजणीत वरच्या वर्गांची मुले अवश्य असावीत. नळीतील पाण्याची पातळी, ३० मापांची सरासरी, घनफळ, गुणोत्तर, एकास बारा हा चढ, हे सर्व त्यांच्या पुस्तकात आहेच. तेच आपल्या खोलीच्या जमिनीवर करून पाहिले म्हणजे गणित त्यांस आपले वाटू लागते. आपण मोजलेल्या जमिनीवर बसण्यात त्यांस जो अभिमान वाटेल, तोही शिक्षणाचाच भाग होय.

फरशी सर्वांस दिसते. तिच्याखालील मुरूम कोणासही दिसत नाही. त्यावर खर्च करावा, वेळ द्यावा, असे सहसा कोणी म्हणत नाही. तथापि खोलीचे आयुष्य त्याच न दिसणाऱ्या थरावर अवलंबून असते. शाळेतील पहिलीच्या वर्गाविषयी जे खरे आहे, तेच शाळेच्या जमिनीविषयीही खरे आहे: खालचे काम घाईने उरकले तर वरचे कितीही चांगले केले तरी डुगडुगतच राहते. ज्या शिक्षकास हे पटले आहे, त्यास फरशीखालचा मुरूम चोपला गेला की नाही हे पाहण्यासाठी अर्धा दिवस उन्हात उभे राहणे जड वाटणार नाही.